सातबाऱ्यावर नाव येईल, पण घर बांधता येईल का?

वाचक भगिनीचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. हवेली तालुक्यात, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या एका गावी ३ गुंठे जागा घेऊन तेथे घर बांधावे, असा त्यांचा व त्यांच्या यजमानांचा विचार आहे. जमीन शेतीची आहे आणि व्यवहार यजमानांच्या चुलतभावाने जुळवला आहे. ३ गुंठ्यांचे स्वतंत्र खरेदीखत होत नाही, म्हणून आणखी तीन कुटुंबांसह ११ गुंठ्यांचे सामाईक खरेदीखत करायचे ठरले आहे. ‘गट यलो झोनमध्ये आहे, एनए (बिनशेती) नंतर होऊन जाईल,’ असे सांगून दिरांनी मोबाइलवर एक रंगीत नकाशा दाखवला. शेजारी काही घरे उभी आहेत, त्यांना वीज मिळाली आहे आणि ग्रामपंचायत त्यांची घरपट्टीही घेते. विसार म्हणून १ लाख रुपये देऊन झाले आहेत. या भगिनींना खरेदीखतापूर्वी झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यातील कोणत्या विभागात मोडते याचा अधिकृत दाखला, मागायचा आहे, परंतु त्यामुळे घरच्याच माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे यजमानांचे मत आहे. सासऱ्यांनी निवृत्तीच्या रकमेतून मोठा वाटा या जागेसाठी बाजूला ठेवला आहे. ‘मी उगाच शंका घेते आहे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमची शंका उगाच नाही. मात्र ती ज्या जागी असायला हवी तिथून थोडी बाजूला पडली आहे, असे तुमचे पत्र वाचताना वाटले. मूळ मालक कोण, फेरफार कसे झाले, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा आहे का, याविषयी तुम्ही बारकाईने लिहिले आहे. ही सारी चौकशी आवश्यकच आहे. पण ती मालकीची चौकशी झाली. ती जमीन कोणत्या कामासाठी वापरण्याची कायद्याने मुभा आहे, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर सातबाऱ्यावर सापडत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाची, किती आणि कोणत्या पिकाखाली आहे हे तो सांगतो. जमिनीचा नियोजित वापर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार झालेल्या आराखड्यात ठरलेला असतो. दस्त नोंदवून घेणारे दुय्यम निबंधक तुमच्या गटावर घर बांधता येईल की नाही याचा निवाडा करत नाहीत. त्यामुळे खरेदीखत रीतसर नोंदले जावे, सातबाऱ्यावर तुमचे नाव लागावे आणि तरीही त्या जमिनीवर घर मात्र कधीच बांधता येऊ नये, असे घडू शकते व घडतेही.

तुमचा पहिला समज त्या रंगीत नकाशाविषयीचा आहे. आपल्याकडच्या आराखड्यांत निवासी विभाग पिवळ्या रंगाने आणि शेती विभाग हिरव्या रंगाने दाखवण्याची पद्धत आहे, म्हणून बोलताना यलो झोन, ग्रीन झोन म्हणतात. पण नकाशा पिवळा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो कोणत्या आराखड्याचा आहे आणि त्या आराखड्याची आजची कायदेशीर स्थिती काय आहे, हे पाहावे लागते. पुण्याच्या परिसरात तर हे विशेष काळजीने पाहायला हवे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे पीएमआरडीएचा, प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात अनेक गावांतील शेतजमिनी निवासी दाखवल्या गेल्या. त्या नकाशांच्या आधारे पुष्कळ व्यवहार झाले. पुढे तो आराखडा अंतिम न होता, शासनाने २०२५ मध्ये रद्द केला. तुमच्या दिरांच्या मोबाइलमधला नकाशा त्या रद्द झालेल्या आराखड्याचा असेल, तर आज त्याच्या आधारे तुम्हाला काहीही मागता येणार नाही. मग १९९७ मध्ये मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना आणि तीत पुढे झालेले फेरबदल, यांत तुमचा गट कोणत्या विभागात आहे हे पाहावे लागेल. दीर खोटे बोलत आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांनी जे पाहिले ते दाखवले असेल. परंतु प्रारूप आणि मंजूर यांतला फरक त्यांना ठाऊक नसण्याची शक्यता मला अधिक वाटते.

त्याचबरोबर, त्या गावासाठी नियोजन प्राधिकरण आज कोण आहे, हेही विचारून घ्यावे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, परंतु त्या २३ गावांच्या आराखड्याचे काम शासनाने पीएमआरडीएकडे ठेवले होते. म्हणजे गाव कोणाच्या हद्दीत आहे आणि त्याचे नियोजन कोण करते, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. चुकीच्या कार्यालयातून मिळालेल्या तोंडी माहितीवर विसंबून राहिल्यामुळे होणारे नुकसान मोठे असते.

दुसरा समज ‘एनए नंतर होऊन जाईल’ या वाक्यात आहे, आणि हेच वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. जमिनीचा विभाग, बिनशेती आणि बांधकाम परवानगी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. जमीन मंजूर योजनेत निवासी विभागात असेल, तर बिनशेतीची वाट आज पूर्वीपेक्षा बरीच सोपी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या सुधारणा, विकास आराखड्यात वा प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलेल्या तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी ठरलेले कर व अधिमूल्य (प्रीमियम) भरून पूर्वीची लांबलचक प्रक्रिया टाळण्याची सोय करतात. मात्र ही सोय योजनेने ज्या वापराला परवानगी दिली आहे त्याच वापरासाठी असते. जमीन शेती विभागात असेल, तर बिनशेतीचा अर्ज करून तिचा विभाग बदलत नाही. विभाग बदलणे म्हणजे मंजूर योजनेत फेरबदल करणे. त्यासाठी सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि निर्णय शासन घेते. एका कुटुंबाच्या ३ गुंठ्यांसाठी हे घडेल असे गृहीत धरून निवृत्तीची रक्कम गुंतवणे मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही. ‘निदान फार्महाउस तरी बांधता येईल’ असेही तुम्हाला सांगितले जाईल. शेतघरासाठी किमान क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे लागते. तुमचे ३ काय किंवा सर्वांचे मिळून ११ काय, त्यात बसत नाहीत.

आता या ११ गुंठ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही रीत पुणे जिल्ह्यात इतकी रुळली आहे की तीत काही वावगे असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असा शेतजमिनीचा व्यवहार तो रोखतो. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवले. म्हणजे ११ गुंठ्यांनी अडचण सुटते ती जमीन बागायत असेल तरच. ती जिरायत असेल तर तुमचे ११ गुंठेही तुकडाच ठरतात. आणि ती बागायत असली, तरी सामाईक खरेदीखताने तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा. जागेवर दगड रोवून ‘हे तुमचे तीन गुंठे’ असे दाखवले जाईल, परंतु तुमच्या तीन गुंठ्यांचा वेगळा पोटहिस्सा पडणार नाही, स्वतंत्र मोजणी नकाशा होणार नाही, आणि पुढे बांधकाम परवानगीपासून विक्रीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी उरलेल्या तिन्ही कुटुंबांच्या सह्या लागतील. आज ती कुटुंबे तुमच्या ओळखीची आहेत. वीस वर्षांनी त्यांचे वारस तुमच्या वारसांच्या ओळखीचे असतील की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय अशा जमिनीवर गृहकर्ज मिळवणे फार कठीण जाते, म्हणजे घराचा सगळा खर्च रोखीने उभा करावा लागेल. तुकडेबंदी शिथिल झाली असे तुम्ही अलीकडे वाचले असेल, आणि ते खरे आहे. परंतु २०२५ मधील ती शिथिलता शहरी हद्दी आणि आराखड्यात निवासी, वाणिज्य अशा बिनशेती वापरासाठी दाखवलेले विभाग यांच्यासाठी आहे. म्हणजे येथेही प्रश्न फिरून विभागाशीच येतो. जमीन खरोखरच निवासी विभागात असेल, तर तुम्हाला सामाईक खरेदीखताचा हा आडमार्ग घेण्याचे कारणच कदाचित उरणार नाही. दिरांना हे जरूर विचारा: जमीन यलो झोनमध्ये आहे, तर मग ११ गुंठ्यांची जुळणी कशासाठी?

शेजारच्या घरांविषयी तुम्ही लिहिले आहे की, ‘इतकी माणसे राहत आहेत, ती सगळीच चुकली असतील का?’ त्यांतील काही घरे गावठाणातील असतील, काही जुनी आणि नियमित झालेली असतील, आणि काहींना आजवर नोटीस आली नसेल, इतकेच. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे कर आकारणीचे कागद आहेत, वीजजोड ही पुरवठ्याची सोय आहे. यांपैकी कशानेही विनापरवाना बांधकाम अधिकृत होत नाही. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडले. सर्वोच्च न्यायालयातही त्या घरमालकांना दिलासा मिळाला नाही. त्या कुटुंबांनी भूखंड पैसे मोजून विकत घेतले होते आणि तेथे आयुष्याची कमाई ओतली होती. आपल्या घरापुढे यंत्रे उभी राहिलेली पाहताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाही करवत नाही. त्याआधी १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, बांधकामाला बराच काळ लोटला, त्यावर खूप खर्च झाला किंवा अधिकाऱ्यांनी वेळीच कारवाई केली नाही, एवढ्या कारणांनी बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. शेजाऱ्यांवर कारवाई झालेली नाही, हा तुमच्यासाठी आधार होऊ शकत नाही.

चिखलीच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निवासी विभाग असला म्हणून त्या विभागातील प्रत्येक गुंठा बांधकामाला मोकळा असतो असे नाही. निळी पूररेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल पूररेषा ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात निर्बंध असतात. हवेलीत डोंगरउताराचा प्रश्नही आहे, कारण १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते. गटातून नियोजित रस्ता जात असेल, त्यावर आरक्षण असेल, वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल किंवा विमानतळ व संरक्षण खात्याच्या आस्थापनांमुळे उंचीचे वा अंतराचे बंधन असेल, तर तेही पाहावे लागते. एकाच गटाचा अर्धा भाग निवासी आणि अर्धा शेती विभागात, असेही आढळते. म्हणून केवळ झोन दाखला न घेता त्याबरोबर भाग नकाशाही, म्हणजे आराखड्याच्या नकाशातला त्या गटापुरता भागही, घ्यावा आणि तुम्हाला दाखवलेले तीन गुंठे त्या नकाशावर नेमके कोठे पडतात, हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून किंवा अभियंत्याकडून समजून घ्यावे.

हे सारे करायचे कसे, आणि नाते न दुखावता कसे करायचे, हा तुमच्या पत्राचा खरा गाभा आहे. तुमचे यजमान दाखला मागण्याला अविश्वास म्हणतात. मला त्यांना आदराने विचारावेसे वाटते की, हीच जमीन बँकेच्या कर्जावर घेतली असती, तर बँकेने कागद मागितल्यावर त्यांना अपमान वाटला असता का? दाखला दिरांच्या प्रामाणिकपणाचा नसतो, गट क्रमांकाचा असतो. तुम्ही थेट, साध्या शब्दांत म्हणू शकता: ‘भाऊजी, बाबांची निवृत्तीची रक्कम यात जाते आहे, म्हणून झोन दाखला आणि भाग नकाशा हातात आल्यावरच खरेदीखत करू या. अर्ज आम्हीच करतो, तुम्ही फक्त गट क्रमांक आणि अलीकडचा सातबारा द्या.’ अर्ज तुम्ही स्वतः करणे महत्त्वाचे आहे, कारण विक्रेत्याने आणून दिलेली छायांकित प्रत जुनी किंवा शेजारच्या गटाचीही असू शकते. उरलेल्या तीन कुटुंबांनाही विश्वासात घ्या. हा दाखला त्यांनाही तितकाच हवा आहे, आणि चौघांनी मिळून मागितला की तो एका सुनेचा संशय राहत नाही. सासऱ्यांशी मात्र यजमानांनीच बोलावे. त्यांना हे सारे आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे.

अर्जासोबत सामान्यतः डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा गटाचा किंवा मोजणीचा नकाशा द्यावा लागतो. अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे करावा. कोणाकडे करावा याविषयी संभ्रम असेल, तर जिल्ह्याच्या सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. दाखला हाती आल्यावर त्यावर कोणत्या योजनेचे नाव आहे, ती मंजूर आहे की प्रारूप, गट क्रमांक पोटहिस्स्यासह बरोबर आहे का आणि तारीख अलीकडची आहे का, हे वाचा. दाखल्याच्या तळाशी असलेल्या टीपा बहुतेक जण वाचत नाहीत. पूररेषा, रस्ता किंवा सीमांकन यांविषयीच्या अटी अनेकदा तेथेच असतात. दाखला येईपर्यंत विसाराखेरीज आणखी एकही रुपया देऊ नका. शक्य असल्यास विसारपावतीला पुरवणी लिहून घ्या की, जमीन मंजूर योजनेत निवासी विभागात नसल्यास किंवा तिच्यावर बांधकामास बाधा आढळल्यास विसार परत केला जाईल. विक्रेत्याने अशी पुरवणी लिहून देण्यास नकार दिला, तर तो नकारही तुम्हाला पुष्कळ काही सांगून जाईल.

दाखला निवासी विभागाचा आला, तर व्यवहार मोडण्याचे कारण नाही, पण त्याचे स्वरूप बदलायला हवे. मालकाने त्या जमिनीचे रेखांकन (लेआउट) मंजूर करून, रस्ते दाखवून, बिनशेती करून द्यावे आणि तुम्ही मंजूर रेखांकनातील स्वतःच्या क्रमांकाचा भूखंड विकत घ्यावा, हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी दर गुंठ्याला अधिक पैसे पडतील. पण ते देणे मला रास्त वाटते, मग जागा ३ गुंठ्यांऐवजी २ गुंठ्यांची घ्यावी लागली तरी चालेल. भूखंड पाडून विकल्या जाणाऱ्या जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून अधिक असेल, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे का, हेही पाहा. दाखला शेती विभागाचा आला, तर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाच्या परिघातील जमिनींना अधिमूल्य भरून निवासी विकासाची जी तरतूद आहे, तीत हा गट बसतो का, हे लेखी विचारून घ्या. बसत नसेल तर विसार सोडावा लागला तरी मागे फिरा. १ लाख रुपये ही लहान रक्कम नाही, हे मी जाणतो. परंतु ती वाचवण्यासाठी सासऱ्यांची उरलेली पुंजी त्यामागे घालणे, हा तोटा भरून काढण्याचा मार्ग नव्हे. आणि गावी शेती करायचीच असेल, तर शेतजमीन शेतीच्या भावाने व शेतीसाठी घ्यावी, घराच्या भावाने नव्हे.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. तुमच्या यजमानांच्या नावे सातारा जिल्ह्यात शेती असल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे शेतकरी असण्याचा प्रश्न तुम्हाला नाही. परंतु जे शेतकरी नाहीत, त्यांना कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आराखड्यात निवासी वा अन्य बिनशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना यातून सूट आहे, म्हणून त्यांनाही झोन दाखला आधीच लागतो. आणि ज्यांनी अशी जागा यापूर्वीच घेऊन घर बांधले आहे, त्यांनी नोटीस येण्याची वाट पाहू नये. परवानगीशिवाय लहान भूखंड पाडून झालेल्या वसाहतींसाठीच्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमितीकरणाची मुदतरेषा २०२१ मधील सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली आहे. घर त्यापूर्वीचे असेल, त्या क्षेत्राला तो अधिनियम लागू असेल आणि जागा आरक्षणात वा पूररेषेत नसेल, तर वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या आणि खरेदीचे कागद एकत्र करून नियोजन प्राधिकरणाकडे रीतसर प्रस्ताव दाखल करावा. नोटीस आलीच, तर तिला उत्तर न देता बसू नये. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालील नोटिशीची मुदत फार कमी असते, त्यामुळे त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे आणि जाताना मूळ कागद घरी ठेवून प्रती न्याव्यात.